‘पृथ्वी फिरते, मग विमानाला इतका वेळ का लागतो?’

विमानकंपन्यांची ‘पोलखोल’ करणारा एक संदेश सध्या फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामच धावत येतो आणि प्रवास लवकर संपायला हवा. विमाने सरळ न जाता वळसा घालतात. आणि अंतराला वेगाने भागले तर तिकिटावरचा वेळ खोटा ठरतो.

पहिला दावा वाचायला पटतो, आणि घोळ तिथेच आहे. पृथ्वी फिरते ती भोवतालच्या हवेसकट. हवा मागे राहत असती, तर 40 अंश अक्षांशावर ताशी सुमारे 1,280 किलोमीटरचा वारा कायम अंगावर आला असता. विमान सोडा, झाडही उभे राहिले नसते. हेलिकॉप्टर उचलायचे, तासभर तरंगत ठेवायचे आणि खाली दुसराच प्रांत आला की उतरायचे, इतके ते सोपे झाले असते!

न्यूयॉर्कहून लंडनला जाताना साधारण सात तास लागतात आणि परतताना तासभर जास्त, हे खरे आहे. पण त्याचे कारण जेट स्ट्रीम. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरकस वारा एका दिशेने विमानाला ढकलतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो. पृथ्वीचा फिरण्याचा वेग रोज तोच असतो, उड्डाणाचा वेळ मात्र रोज बदलतो आणि हिवाळ्यात हा फरक वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचले. त्या रात्री पृथ्वीने काही घाई केली नव्हती. म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून दररोज नव्याने आखतात.

आता वळसा. टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, तर ती वाट सुमारे 8,700 किलोमीटरची भरते. गोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेला थेट 48 अंशांपर्यंत जातो आणि अंतर भरते सुमारे 8,250. नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची आहे. खरा वळसा कधीकधी पडतोही, पण तो हवाई हद्द बंद झाल्यामुळे. 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साधारण साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला.

तिसऱ्या दाव्यातला भागाकार कागदावर बरोबर आहे, फक्त विमान दारापासूनच ताशी 900 किलोमीटरने सुटत नाही. तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागी लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, गर्दी असेल तर आकाशातल्या घिरट्या, सगळे त्यात आले. काही जण तर निघण्या-पोहोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी करतात. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात, हे लक्षातच घेत नाहीत.

एक मात्र मान्य. कंपन्या वेळापत्रकात थोडा जादा वेळ धरतात, म्हणजे उशिरा निघूनही ‘वेळेवर पोहोचलो’ म्हणता येते. संदेश लिहिणाऱ्याने एवढेच पकडले असते, तर तक्रारीला जागा नव्हती.