पुस्तकं घरबसल्याच मागवा

पुस्तकांच्या दुकानात जायचं ते फक्त बघायला. निवांत चाळा, प्रस्तावना उभ्याउभ्या संपवा, मुखपृष्ठाचा फोटो काढा आणि हात हलवत बाहेर पडा. ऑर्डर पायरीवरूनच द्या, दुकानाचं वायफाय तिथवर पोचतं.

नाव आठवत नसेल तर दुकानदार आहेच. ‘ते नाही का, निळ्या कव्हरचं, शेवटी बाई घर सोडून जाते’, एवढ्यावर तो नाव सांगतो. फुकट.

अभिप्राय जरूर वाचा: ‘पॅकिंग छान. अजून वाचलं नाही. पाच तारे.’

फ्रान्समधल्या वाचकांची कीव करा. तिथे १९८१ च्या कायद्यामुळे नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. २०२३ पासून तर ३५ युरोंच्या आतली पुस्तकं घरी मागवली की किमान ३ युरो पाठवणावळ. कसे जगतात बिचारे!

आणि पार्सल आलं की पानं तपासू नका. मी तपासली. १२८ नंतर थेट १४५. नववा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा, अख्खा गायब, आणि खून नेमका त्याच सोळा पानांत झालेला. परत करायला गेलो तर कारणांच्या यादीत ‘माप बसत नाही’ आहे, ‘रंग आवडला नाही’ आहे; पानंच नाहीत, हे कारण नाही. ‘वस्तू खराब’ निवडलं. चॅटबॉट म्हणाला, खराब भागाचा फोटो पाठवा. अरे, नसलेल्या पानांचा फोटो कसा काढू? शेवटी १२८ आणि १४५ पाठवली. ‘फोटो अस्पष्ट आहे.’ चार दिवस हाच खेळ! मग बदली प्रत आली. तिच्यात नवव्याच्या जागी आठवाच फर्मा पुन्हा. दुकानदार काय करतो? प्रत हातात घेतो, भराभर फर्मे उलटतो, फळीवरची दुसरी काढतो, तीही तपासतो आणि देतो. दोन मिनिटं. फोटो नाही, तक्रार क्रमांक नाही, काही नाही.

आता ते दुकान बंद झालंय, तर ‘किती आठवणी होत्या हो’ म्हणत शटरचे फोटो टाकू नका. लाज वाटू द्या जरा. तिथून शेवटचं पुस्तक विकत कधी घेतलं होतंत? त्या माणसाकडून नावं काढून घेतलीत, त्याच्या पंख्याखाली तासतास उभे राहिलात आणि चार पैसे वाचवायला त्यालाच उठवलंत. मीही त्यातलाच. दोन्ही प्रती टेबलावर पडल्यात आणि खून कुणाचा झाला, हे मला अजून कळलेलं नाही.