केग्विन फासावर गेला नाही, आणि मुंबईवर तेव्हा भगवाही नव्हता

नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मजकूर तिसऱ्यांदा आला, तेव्हा सोडून दिले होते. पण भाचीने तो इतिहासाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला आणि बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला, म्हणून हा खटाटोप.

मजकूर थोडक्यात असा. रिचर्ड केग्विन नावाचा इंग्रज चाचा (समुद्री लुटारू) १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या कैदेत सापडला. महाराजांच्या औदार्याने भारावून तो स्वराज्याचा माणूस झाला. पुढे संभाजी महाराजांनी त्याच्याकरवी मुंबईत बंड घडवले. वर्षभर मुंबईच्या किल्ल्यावर भगवा फडकला. पुरावा काय, तर बंडाच्या अकरा महिने आधीचे एक पत्र. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लंडनला नेऊन फाशी दिली आणि सगळे दडपून टाकले. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ हे आलेच.

‘चाचा’ हा शब्द कुठून आला कोण जाणे. केग्विन कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सचा, इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला अधिकारी. १६७३ च्या सुरुवातीला डचांनी अटलांटिक महासागरातले कंपनीचे सेंट हेलेना बेट घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात रिचर्ड मंडेनच्या इंग्रज ताफ्याने ते परत जिंकले. किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीचे नेतृत्व केग्विनकडे होते. बंदराच्या तोंडावर तोफा होत्या, म्हणून ही तुकडी बेटाच्या पूर्वेकडच्या प्रॉस्परस बे इथे उतरली आणि कडा चढून मागच्या बाजूने आली. वाट दाखवणारा ऑलिव्हर नावाचा एक गुलाम होता. विजयानंतर केग्विन काही काळ त्या बेटाचा गव्हर्नर झाला.

१६७६ च्या सुमारास तो मुंबईला आला, तो ‘फ्री प्लँटर’ म्हणून. म्हणजे कंपनीचा पगारी नोकर नव्हे, तर वसाहतीत स्वतःच्या हिमतीवर राहायला आलेला माणूस. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरच्या काळात मुंबईत अशी गोरी वस्ती हवीच होती, कारण तापाने आणि दारूने शिपाई भराभर मरत होते. लढाईचा अनुभव असलेला माणूस रिकामा बसू देणे कंपनीला परवडणारे नव्हते. लवकरच घोडदळाची छोटी तुकडी त्याच्याकडे आली. सैनिक, मग वसाहतवाला, मग पुन्हा सैनिक असा हा प्रवास आहे. चाचेगिरी त्यात कुठेच नाही.

आता खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांनी या बेटावर तटबंदीचे काम सुरू केले आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक जहाजावर तिथून नजर राहणार होती. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याचा पन्नास-साठ गलबतांचा ताफा इंग्रजांवर चालून आला. इंग्रजांकडे ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज होते, आणि सोबत गुराबा, शिबाडे, मचवे धरून सगळी मिळून आठेक जहाजे. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. बाकीची छोटी जहाजे पळाली.

केग्विन या मोहिमेचा प्रमुख होता आणि तो ‘रिव्हेंज’वर होता. ‘रिव्हेंज’ सापडली नाही. एकटी पडूनही ती लढत राहिली आणि शेवटी मराठी गलबते खाडीच्या आसऱ्याला गेली. कैदी झाले ते ‘डव्ह’वरचे लोक, आणि त्यांना सागरगडावर ठेवले होते. मजकूर लिहिणाऱ्याने ‘डव्ह’चे कैदी उचलून केग्विनच्या अंगावर घातले आहेत. पुण्याहून १९३१ मध्ये छापलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहात खांदेरीचा पत्रव्यवहार पानेच्या पाने आहे. एक संध्याकाळ पुरली असती.

यातली अर्धी गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लढाईचा तो दिवस कुणाचा, यावर वाद घाला, खांदेरीचा निकाल मराठ्यांच्याच बाजूने लागला. इंग्रजी जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. मराठी गलबते वल्ह्यांवर चालत, त्यांना पाणी कमी लागे, आणि रात्री वारा पडला की थळच्या किनाऱ्यावरून धान्य, दगड, माणसे बेटावर पोचवून पहाटेच्या आत ती परत येत. ‘रिव्हेंज’सारखे जहाज उथळ पाण्यात त्यांच्या मागे शिरू शकत नव्हते. अशी नाकेबंदी टिकत नसते. १६८० च्या जानेवारीत तह करून इंग्रज निघून गेले आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. हे खरे असताना खोट्या कैदेची फोडणी कशाला?

पुढचा मुद्दा ‘अकरा महिने आधीच्या पत्रा’चा. सगळा डोलारा याच्यावर उभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. बंड झाले २७ डिसेंबर १६८३ ला. बंडखोरांनी राजा दुसऱ्या चार्ल्सला लिहिलेल्या पत्रावर महिना जानेवारी आणि साल १६८३ दिसते. मजकूरकार म्हणतो, बघा, बंडाच्या आधीच पत्र तयार, म्हणजे कट शिजलेला होता!

अहो, इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. डिसेंबर १६८३ नंतर येणारा जानेवारी हा त्यांच्या लेखी १६८३ चाच. फेब्रुवारीही १६८३, २४ मार्चही १६८३, आणि दुसऱ्या दिवशी उजाडे २५ मार्च १६८४. १७५२ पर्यंत हेच चालू होते. म्हणून त्या पत्राचा जानेवारी आपल्या हिशेबाने १६८४ चा. पत्र बंडाच्या अकरा महिने आधीचे नाही, बंडानंतर महिन्याभरातले आहे. कामाचे कारकून हा घोळ टाळायला तिरकी रेघ देऊन ‘१६८३/४’ असे लिहीत. नकल करताना कुणीतरी तिरकी रेघ आणि पुढचा चार खाल्ला की झाला कट तयार.

दुसरी गोम दिवसांची. इंग्रज जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे ग्रेगोरियन घेतले होते. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. माहीमची खाडी ओलांडून इंग्रजांच्या मुंबईतून पोर्तुगीजांच्या वांद्र्याला गेलात की तारीख दहा दिवस पुढे! त्यामुळे बंडाची इंग्रजी तारीख २७ डिसेंबर १६८३ आणि पोर्तुगीज कागदात तोच दिवस ६ जानेवारी १६८४. आपण राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख मानतो, तीही जुन्या पद्धतीचीच आहे.

सतराव्या शतकातल्या कुठल्याही इंग्रजाचा माग काढायचा तर रीत साधी आहे. आधी कागद कुणाचा ते बघा: सुरतेच्या वखारीचा, गोव्याचा की मराठी. इंग्रजी असेल आणि तारीख १ जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर साल एकने वाढवा. मग दिवस बदलायचे असतील तर दहा मिळवा, पण बदलले असे नोंदवून ठेवा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. एकाने दहा मिळवलेले असतात, दुसरा त्याच्यावरून उतरवताना पुन्हा दहा मिळवतो आणि लढाई वीस दिवस पुढे सरकते.

नावांचेही तसेच. केग्विनची स्पेलिंगे कारकुनागणिक बदलतात. खांदेरी-उंदेरी ही जोडी इंग्रजी कागदांत ‘हेन्री-केन्री’ होऊन येते, आणि केन्री वाचून कुणी कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन पोचतो. त्याच मजकुरात केग्विनला ‘कॉर्निश भाषेचा पंडित’ही म्हटले आहे. तो जॉन केग्विन, माउझल गावचा, १७१६ मध्ये वारलेला, वेगळाच गृहस्थ.

आता संभाजी महाराजांनी बंड ‘घडवले’ हा दावा. सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो. बंडाची कारणे कागदावर स्वच्छ आहेत आणि ती पोटाची आहेत. लंडनमध्ये कंपनीची सूत्रे हाती असलेला जोसाया चाइल्ड आणि सुरतेला तिचा प्रमुख जॉन चाइल्ड यांनी खर्च छाटायला घेतला होता. (जुन्या पुस्तकांत हे दोघे भाऊ म्हणून दिसतात. ते चूक आहे.) केग्विनला रोजचे दहा शिलिंग ठरले होते, जेवणा-राहण्याचा भत्ता वेगळा नाही. ते सहावर आणले आणि कौन्सिलातली त्याची जागाही काढली. शिपायांचीही तीच गत. पगारकपातीवरून मुंबईच्या शिबंदीने १६७४ मध्येही एकदा दंगा केला होता. त्यात सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला ठाण मांडून बसे, त्याची माणसे गावात धुमाकूळ घालत, आणि डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड हात चोळत राही.

२७ डिसेंबरला केग्विनने वॉर्डला अटक केली आणि मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली. राजाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या. मुद्दाच हा होता की मुंबई मुळात राजाला आंदण मिळालेली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली, आणि कंपनी ती नीट सांभाळत नाही. बंडखोर स्वतःला राजाचे इमानी चाकर म्हणवत होते. ‘रिटर्न’ जहाजावरचा कंपनीचा खजिना त्यांनी किल्ल्यात आणला आणि शरण जाताना परत केला. भगवा फडकवणाऱ्यांची ही वागणूक नव्हे. महाराजांच्या फौजा तर त्याच सुमारास गोव्यात सासष्टी-बारदेशात पोर्तुगीजांशी झुंजत होत्या आणि औरंगजेबाचा शाहजादा शाह आलम घाट उतरत होता.

मग यात काहीच तथ्य नाही का? आहे, आणि ते मजकुरापेक्षा भारी आहे. सत्ता हातात आल्यावर केग्विनला शेजाऱ्याशी तंटा परवडणार नव्हता. मुंबईचे धान्य, सरपण, गुरे समोरच्या किनाऱ्यावरून येत. त्याने सिद्दीला बंदर बंद केले आणि १६८४ मध्ये कॅप्टन हेन्री गॅरीला संभाजी महाराजांकडे पाठवले. तह झाला. शिवाजी महाराजांच्या काळात राजापूरची इंग्रज वखार लुटली गेली होती, तिच्या भरपाईचा प्रश्न त्यात होता, व्यापाराच्या सवलती होत्या. आणि महाराजांनी घातलेले एक कलम होते: आपल्या मुलखातली माणसे इंग्रजांनी गुलाम करण्यासाठी किंवा ख्रिस्ती करण्यासाठी विकत घ्यायची नाहीत. हे कलम खरे आहे. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज असे तिन्ही बाजूंनी वेढलेले असताना, समोरच्याची अडचण ओळखून सिद्दीचा आसरा तोडायचा आणि वर हे कलमही पदरात पाडून घ्यायचे, याला मुत्सद्देगिरी म्हणतात. बंड ‘घडवले’ म्हटले की ती सगळी पुसली जाते आणि उरतो हेरकथेतला एक हस्तक.

‘वर्षभर’ हेही वाढवून सांगितलेले. अकरा महिनेही पुरे झाले नाहीत. नोव्हेंबर १६८४ मध्ये राजाचा हुकूम घेऊन सर थॉमस ग्रँथम आला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीतल्या बेकनच्या बंडात वाटाघाटी केलेला हा माणूस होता. राजाचाच माणूस दारात आल्यावर राजाच्या नावाने केलेले बंड कसे चालवणार? केग्विनने माफीच्या बोलीवर किल्ला त्याच्या हवाली केला.

फाशीचे कागद मजकूरकाराने कुठे पाहिले ते त्यालाच ठाऊक. माफी पाळली गेली. केग्विन इंग्लंडला परतला आणि पुन्हा आरमारात चढला. २१ जून १६९० रोजी वेस्ट इंडिजमधल्या सेंट किट्स बेटावर, बासतेरच्या हल्ल्यात, आपली माणसे घेऊन फ्रेंचांवर चालून जाताना तो मारला गेला. तेव्हा तो ‘असिस्टन्स’ नावाच्या जहाजाचा कप्तान होता. सतरा वर्षांपूर्वी सेंट हेलेना घेताना मंडेनच्या जहाजाचे नावही ‘असिस्टन्स’च होते. त्याचा वैरी जॉन चाइल्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत वारला होता, तोही सिद्दी याकूतखानाने बेट घेरलेले असताना.

राहिले ‘इंग्रजांनी दडपले’. या बंडावर रे आणि ऑलिव्हर स्ट्रेची या इंग्रज दांपत्याने अख्खे पुस्तक लिहिले आणि ते १९१६ मध्ये ऑक्सफर्डहून छापून आले. वर बंडाबद्दल जे सांगितले त्यातले बरेचसे त्यात सापडेल. मूळ पत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि सुरत-मुंबई वखारींचे दप्तर काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे.