समृद्धीवर टायर फुटतो, त्याला साधी हवा जबाबदार नाही

उन्हाळा लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या की व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: समृद्धी महामार्गाचं काँक्रीट तापतं, टायरमधली साधी हवा फुगते आणि टायर फुटतो. नायट्रोजन थंड असतो, फुगत नाही, गळत नाही, मायलेज वाढवतो. विमानात आणि फॉर्म्युला वनमध्येही तोच भरतात. एकदा भरलात की त्यात साधी हवा मिसळू नका. आणि नायट्रोजन मिळाला नाहीच, तर हवा चार-पाच पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) कमी ठेवून निघा.

यातलं एक विधान थोडंफार खरं आहे. बरीचशी चूक आहेत. शेवटचं मात्र जिवावर बेतणारं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

टायर तापतो तो मुख्यतः रस्त्याच्या उन्हाने नाही, स्वतःच्या दुमडण्याने. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, पुढच्या क्षणी पूर्ववत होतो, आणि दर वेळी रबरात थोडी उष्णता उरते. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी १२० किमीला तो सेकंदाला १७ वेळा फिरतो, म्हणजे तासाभरात ६१ हजारांहून अधिक वेळा दुमडतो. हवा कमी असेल तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जास्त वाकते, जास्त तापते. रबर आणि आतले पोलादी पट्टे यांची पकड सुटायला लागते ती पट्ट्यांच्या कडेपासून. मग एखाद्या क्षणी ट्रेडची, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार थराची, साल निघते किंवा साइडवॉल फाटते. जुन्या रस्त्यांवर गतिरोधक, गावं आणि ढाबे टायरला मधूनमधून विश्रांती देतात. समृद्धीवर माणसं दोन-दोन तास न थांबता एकाच वेगाने जातात. रस्ता वेगळा आहे तो या अर्थाने.

म्हणजे ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हा सल्ला टायर वाचवत नाही, तापवतो. वर गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर विचारूच नका. टायरवर ८५एस असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलावेत, पण ते ठरलेला दाब असताना. दाब उतरला की ती क्षमताही उतरते. एस म्हणजे ताशी १८० किमी, त्यामुळे १२० चा वेग हा धडधाकट टायरपुढचा प्रश्नच नाही. गोटा झालेला, साइडवॉलला चीर किंवा फुगा आलेला, सहा-सात वर्षं जुना किंवा मऊ पडलेला टायर हाच प्रश्न आहे.

आता ‘साधी हवा फुगते, नायट्रोजन फुगत नाही’. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, २१ टक्के ऑक्सिजन आणि जवळपास १ टक्का आरगॉन. या दाबाला आणि तापमानाला हे सगळे वायू एकाच नियमाने वागतात: बंदिस्त वायूचा एकूण दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या) प्रमाणात वाढतो. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय भरले. हवा मोजायचा गेज वातावरणाचा दाब मोजत नाही, म्हणून त्याचे १४.७ मिळवून खरा दाब ४७.७. धावताना आतला वायू ६० अंशांवर गेला की तो ५२.४ होतो, आणि गेजवर ३७.७ दिसतात. वाढ ४.७ पीएसआय. शुद्ध नायट्रोजन भरा, साधी हवा भरा, उत्तर तेच.

ही वाढ टायर फोडत नाही. साइडवॉलवर ४४ किंवा ५१ पीएसआय अशी कमाल मर्यादा छापलेली असते, तीही थंड टायरसाठी. धावताना दाब वाढणार हे धरूनच कंपनीने दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा दिलेला असतो. त्यामुळे वाटेत थांबून गरम टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

फरक पडतो तो पाण्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी वेळच्या वेळी सोडलं नाही तर ते हवेबरोबर टायरमध्ये जातं. टायरची आतली जागा ३० लिटर धरली, तर आत तीनेक ग्रॅम पाणी असलं की ३० वरून ६० अंशांवर जाताना त्याच्या वाफेने साधारण दीड पीएसआय जादा चढतात. नायट्रोजनच्या यंत्रातून वायू कोरडा निघतो, हा त्याचा खरा गुण. पण सुकवलेली साधी हवाही तितकीच कोरडी असते. शर्यतीत कोरडेपणाच हवा असतो, कारण तिथे एकेका पीएसआयवर पकड ठरते. फॉर्म्युला वनबद्दल एवढं पुरे.

‘थंड असतो’ हे विधान कुठून आलं असेल ते समजतं: रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत दिसणारा द्रव नायट्रोजन. टायरमध्ये जातो तो वायू, भोवतालच्या हवेइतक्याच तापमानाचा.

थोडंफार खरं आहे ते गळतीचं. टायरच्या आतल्या ब्युटाइल रबराच्या थरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा तीन-चार पट वेगाने झिरपतो. किती फरक पडतो? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एका टायरमध्ये हवा, दुसऱ्यात ९५ टक्के नायट्रोजन, दोन्ही ३० पीएसआयला, आणि वर्षभर बाहेर ठेवले. हवेचे सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. वर्षाला १.३ पीएसआयचा फायदा. खिळा लागला, व्हॉल्व्हची पिन झिजली किंवा रिमच्या काठावर गंज आला, तर त्या वाटेने दोन्ही सारखेच जातात. आणि गाडीचा टायर मऊ पडतो तो बहुतेक वेळा असाच.

मायलेज याच १.३ वर उभं आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे चारही टायरांचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की मायलेज ०.२ टक्के घटतं. वर्षाला १५ हजार किमी आणि लिटरला १८ किमी धरा: वर्षभर हवा एकदाही तपासली नाही तरी नायट्रोजनने वाचतं ते लिटरभर पेट्रोल.

हाही फायदा कागदावरचा, कारण दुकानात जे भरतात ते ९५ टक्के क्वचितच असतं. टायरमधली हवा पूर्ण सोडली तरी आत वातावरणाच्या दाबाइतकी साधी हवा उरते. तिच्यावर ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन ३३ पीएसआयपर्यंत भरला की मिश्रण होतं सुमारे ९० टक्के. पुन्हा रिकामा करून भरला तर ९३ च्या वर. त्यासाठी गाडी जॅकवर घ्यावी लागते, कारण वजन असताना सगळी हवा सोडली तर टायरचा काठ रिमवरून निसटू शकतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडायची, भरायचं, पुन्हा सोडायचं. चार चाकांना हे पाच मिनिटांत होत नाही. प्रत्यक्षात होतं काय? टायर २८ वर असतो, नोजल लावतात, ३३ करतात, नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर हिरवी टोपी बसवतात. आतला नायट्रोजन ७८ वरून ८० टक्क्यांवर गेलेला असतो. पैसे त्या टोपीचे.

विमानाचा दाखला मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकाना या मेक्सिकोच्या विमान कंपनीचं बोइंग ७२७ उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं आणि १६७ जण गेले. अडकलेल्या ब्रेकने चाक भट्टीसारखं तापलं होतं आणि टायरमध्ये साधी हवा होती. एवढ्या उष्णतेत आतलं रबर विघटित होऊन ज्वलनशील वायू सोडतं, त्यांना ऑक्सिजन मिळाला की टायर आतूनच स्फोट होऊन फुटतो. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांहून अधिक नको, असा आदेश काढला. हे टायर २०० पीएसआयच्या आसपास भरलेले असतात. कारचं चाक रोजच्या वापरात त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

मेसेजमध्ये नितीन गडकरींचं नावही असतं. जुलै २०१९ मध्ये त्यांनी राज्यसभेत टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं, हे खरं. कारसाठी तसा नियम मात्र झालेला नाही.

राहिलं ‘हवा मिसळू नका’. मिसळल्याने काहीही होत नाही, फक्त टक्केवारी खाली येते. पण या समजापायी माणसं मेहकरजवळ पंप समोर असताना २६ पीएसआयवर पुढे जातात, ‘नायट्रोजनवाला’ शोधत. दाब कमी दिसला तर समोर जे मिळेल ते भरा.

मग करायचं काय? तीन-चारशे रुपयांचा डिजिटल गेज घ्या. गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन किमीच्या आत चालली असताना पंधरा दिवसांतून एकदा मोजा, लांबच्या प्रवासाआधी तर मोजाच. नुसत्या नजरेवर जाऊ नका: रेडियल टायर ३३ ला आणि २५ ला जवळपास सारखाच दिसतो. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या, मागच्या चाकांचा तो बहुधा जास्त असतो. गरम टायरमध्ये ३३ भरले तर सकाळी २९ च मिळतील, तेव्हा पंपावर लांबून पोहोचला असाल तर चार जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड मोजून नीट करा. साइडवॉलवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ट्रेड १.६ मिमीच्या खुणेला टेकला की टायर संपला.

नवे टायर घेताना दुकानदार फुकट नायट्रोजन देत असेल तर घ्या, तोटा नाही. पुन्हा पुन्हा रिमोल्ड होणाऱ्या, म्हणजे नवा ट्रेड चढवून वापरल्या जाणाऱ्या, ट्रकच्या टायरांना कोरडा, ऑक्सिजन कमी असलेला वायू खरोखर उपयोगी पडतो, कारण तिथे आतलं रबर कितीतरी जास्त काळ टिकवायचं असतं. कारच्या स्टेपनीत मात्र नायट्रोजनच्या नादाला न लागता पाच पीएसआय जास्त साधी हवा भरून ठेवा, कारण तिच्याकडे पंक्चर होईपर्यंत कोणी बघत नाही.