डॉलगोख आणि आपली बार्शी लाइट

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टाऊइन गावात डॉलगोख नावाचं वाफेचं इंजिन पाहिलं आणि मला आपल्या बार्शीची जुनी अरुंद रुळांची रेल्वे, बार्शी लाइट, आठवली. सव्वादोन फूट रुंदीचे रूळ, त्यांवर चार चाकांचं बुटकं यंत्र. डोंगरातल्या खाणीचा पाटीचा दगड वाहण्यासाठी व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यानं ते १८६६ साली घडवलं. १९४६ साली खाण बंद पडली, १९५० मध्ये रेल्वेचे मालक वारले. पुढच्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी एक पैसा न घेता ही टालिथ्लिन रेल्वे चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्यापाशी चालतं इंजिन होतं एकच, पंचाऐंशी वर्षांचं डॉलगोख. त्यानं तो हंगाम निभावला. नंतर ते दुरुस्तीला गेलं ते १९६३ सालीच परतलं, पण लोकांनी धीर सोडला नाही. आजही ते वाफेवर धावतं.

हे सगळं मी बार्शीला भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, लातूर-मुंबई गाडी आता थेट बार्शीवरून जाते. आईला दवाखान्यात न्यायचं तर मला ती लागते, तुझं इंजिन नाही."

त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. टाऊइनची गाडी कुणाच्या दवाखान्याच्या वाटेवर नाही. ती सहलीची गाडी आहे, म्हणून तर ती तशीच ठेवणं परवडलं. बार्शीचे अरुंद रूळ जाऊन तिथं रुंद रुळांचं ब्रॉडगेज व्हायलाच हवं होतं.

पण बार्शी लाइट म्हणजे नुसती रडतखडत जाणारी गाडी नव्हे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यांनी बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी मार्ग टाकला. त्यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्याची इंजिनं आणली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून वजन जास्त चाकांवर वाटलं, आठ चाकं एकमेकांना जोडली, आणि हलक्या, स्वस्त रुळांवरून भरपूर माल ओढता आला. पुढे १९०४ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरात कॅलथ्रॉप यांनी तशीच रेल्वे उभारली, तिलाही किट्सनचीच इंजिनं. बार्शीत सिद्ध झालेली गोष्ट इंग्लंडला गेली! हे बार्शीतल्या किती मुलांना माहीत आहे?

माझा आग्रह एवढाच की दोन-चार किलोमीटर जुना मार्ग आणि वाफेवर चालणारं एक इंजिन राखायला हवं होतं. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं नको, चालतं हवं. बॉयलर कसा पेटवायचा, पाण्याची पातळी कशी राखायची, चढावर कोळसा किती टाकायचा, हे पुस्तकातून येत नाही. टाऊइनला विशीतली मुलं ते जुन्या माणसांच्या हाताखाली शिकताना मी पाहिली.

कुर्डुवाडीत नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांचं वर्कशॉप आहे. वाफेच्या इंजिनांवर राबलेले ड्रायव्हर, फायरमन, फिटर पंचक्रोशीत अजून असतील, सगळे म्हातारे. रूळ पुन्हा टाकायचे की नाही यावर नंतर भांडू. आधी भावानं रविवारी कुर्डुवाडीला जाऊन त्यांच्यातल्या एकाला तरी गाठावं, एवढं मी त्याच्याकडे मागितलं आहे.