सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी

आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. सिंगल ओनर, कायम गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, गेलीच तर घर ते दवाखाना. या हिशेबानं १९६०-७०च्या काळात देशात डॉक्टर सोडून कुणी गाडी घेतलीच नसावी, आणि डॉक्टरांनीही गाडी आल्यावर व्हिजिटला जाणं बंद केलं असावं.

माझी फियाट ११०० डिलाइट विकणारा एजंट याच्याही पुढचा निघाला. "डॉक्टर म्हणजे साधे नव्हेत सर, अक्कलकोट संस्थानचे. गाडी मूळ राजघराण्यातली." अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झालं आणि गाडी १९६६ची, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तो जराही न गडबडता म्हणाला, "त्या टायमाला फियाटला वेटिंग किती असायचं, माहितीये ना सर?" यावर काय बोलणार? वेटिंग होतं, हे खरंच. नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची.

मी गाडी घेतली. इतिहास राजघराण्याचा असो नाहीतर रद्दीवाल्याचा, आपल्याला काय करायचंय, असं मनाशी म्हटलं. पण पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याचा अर्ज हातात पडला आणि त्यात एक रकाना निघाला: 'वाहनाचा पूर्वेतिहास व पूर्वीचे मालक'. जागा दोन ओळींची. त्या दोन ओळींनी आमच्या घराची शांतता घालवली.

कागदपत्रांचा उपयोग शून्य. आरसी बुक डुप्लिकेट, त्यावर फक्त शेवटच्या मालकाचं नाव. ते गृहस्थ वारलेले. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "काका, मी जन्मल्यापासून ती गाडी बंदच बघितलीय." एका कचेरीत जाऊन जुनं रजिस्टर बघायला मागितलं, तर खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "चोरीची आहे का?" २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केला, की ५० वर्षांपुढची खासगी गाडी विंटेज धरायची, नव्यानं नोंदणी करायची तर फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. ही अट आमची गाडी नियम होण्याच्या कितीतरी आधीपासून पाळत होती.

एक दुवा मात्र पक्का होता. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंद जन्मानं सोलापूरचे. कारखाना मुंबईत कुर्ल्याला, पण मालक आपल्या गावचा. "म्हणजे गाडी माहेरी आली म्हणायची," असं मी कौतुकानं घरात सांगितलं. बायको म्हणाली, "माहेरी आलेली चार दिवसांनी परत जाते."

मग मी गाडीलाच विचारायचं ठरवलं. पहिल्याच प्रश्नाला ती खोटं बोलली. डिकीवर झोकदार अक्षरांत 'पद्मिनी' लिहिलेलं. पद्मिनी हे नाव आलं १९७४ साली. त्याआधी हिला नुसतं फियाटच म्हणत. म्हणजे मधल्या कुणीतरी मालकानं गिऱ्हाइकासमोर हिचं वय आठ वर्षांनी कमी केलेलं. लग्नाच्या बाजारात चालतं, ते गाड्यांच्या बाजारात का चालू नये?

खरी गंमत सीटमध्ये निघाली. फियाटची पुढची सीट सलग, बाकड्यासारखी; गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढेही तिघं बसायचे. ती सीट अंगणात काढली तेव्हा शेजारचे काका खुर्ची घेऊनच आले. वरचं चॉकलेटी रेक्झिन उसवलं, खाली हिरवं रेक्झिन. ते उसवलं, खाली चक्क सोलापुरी चादर, मयूरपंखी, रंग अजून शाबूत. "चादर आपलीच!" काका ओरडले. मी म्हटलं, काका, सोलापुरी चादर निम्म्या महाराष्ट्राच्या अंगावर असते, त्यावरून मालक कसा शोधायचा? चादरीखाली काथ्या, स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांच्या बुडाशी ओंजळभर शेंगांची टरफलं. त्या टरफलांत एक तुळशीचा मणी आणि एक कवडी.

इथून घरात तट पडले, कारण दरम्यान डॅशबोर्डच्या कप्प्यामागे रेडिओचं लायसन्स सापडलं होतं. हल्लीच्या पोरांना सांगूनही पटत नाही, पण रेडिओ ऐकायला एके काळी सरकारचं लायसन्स लागायचं, आणि ते दरवर्षी पोस्टात पैसे भरून चालू ठेवावं लागे. नावाचं पान उंदरांनी खाल्लेलं. उंदरांना नेमकं काय खायचं ते कळतं. राहिला होता पोस्टाचा एक शिक्का, आणि त्यातली शेवटची दोन अक्षरं: 'पूर'.

आता आमच्या भागात 'पूर' नसलेलं गाव शोधणं सोपं. बायको म्हणाली पंढरपूर. तुळशीचा मणी समोर दिसत असताना वाद कसला? आई म्हणाली तुळजापूर. कवडी काय विठोबाच्या गळ्यात असते का? काकांचं आजोळ विजापूरचं, त्यामुळे त्यांचं मत आम्ही विचारलंच नाही. सोलापूरचंही शेपूट 'पूर'च आहे, हे मी हळूच सुचवून पाहिलं, पण इतक्या जवळचं उत्तर कुणालाच नको होतं.

शेवटी गाडी विजापूर वेशीजवळच्या चाचांकडे नेली. चाचांनी फियाट सोडून दुसऱ्या गाडीला आयुष्यात मनापासून हात लावलेला नाही. त्यांनी लायसन्स बघितलं नाही, मणी बघितला नाही. पोराला म्हणाले, "चुंबक आण बे." चुंबक पत्र्यावरून फिरवत निघाले. दारं धरली, बॉनेट धरलं. पुढच्या काचेच्या डाव्या कडेला, पत्र्यावर, चुंबक सुटून खाली पडलं. चाचांनी बोटानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "हितं लांबी भरलीय, साहेब." लांबी म्हणजे पत्र्यातली भोकं-खड्डे बुजवायची पुट्टी. वॉटर पेपर मारला, लांबी खरवडली, आत शेजारी शेजारी तीन गोल भोकं.

"मीटर," चाचा म्हणाले.

"कसला?"

"टॅक्सीचा. बंबईला मीटर भाईरच्या अंगाला असायचा की ओ. झेंडा पाडला की भाडं चालू."

माझा विश्वास बसेना. मग त्यांनी टपाच्या कोपऱ्यात पेपर घासला. पांढऱ्याखाली आकाशी, आकाशीखाली पिवळाधमक. दाराच्या सांध्यात काळा. जुन्या नंबरप्लेटचा रंग खरवडला, तर वरच्या काळ्याखाली पांढरी पाटी निघाली, आणि त्या काळात पांढऱ्यावर काळे आकडे भाड्याच्या गाडीला असत, खासगी गाडीला काळ्यावर पांढरे. माझं राजघराणं गिरगाव ते दादर भाडी मारत होतं.

पण एकदा हे मान्य केल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. मुंबईत थकल्यावर तिला कुणीतरी सोलापुरात आणलं. इथून तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर सत्तरच्या आसपास, पुढे गाणगापूर. स्टेशनवर उतरलेल्या कुटुंबाला एका दिवसात दोन-तीन देव करायचे असत, आणि पुढे तिघं, मागे मावतील तितके, असं भरून फियाट निघायची. मणी एका खेपेचा, कवडी दुसऱ्या खेपेची, आणि टरफलं तर प्रत्येक खेपेची. बायको आणि आई दोघीही बरोबर निघाल्या. याचा दोघींनाही सारखाच राग आला.

"आणि डॉक्टर?" मी शेवटची आशा धरून विचारलं. काच तिरपी बघितली की एका कोपऱ्यात फुलीच्या स्टिकरचा डिंक अजून दिसतो.

चाचा हसले. "तो प्लस समदेच लावायचे, साहेब. पोलीस हात करत नाय."

अर्जात मी खरं तेच लिहिलं, बारीक अक्षरात, पुरवणी जोडून. मेळाव्यात आमच्या एका बाजूला कुठल्याशा महाराजांची शेवरले होती आणि दुसऱ्या बाजूला अर्थातच एका डॉक्टरांची मॉरिस. गर्दी आमच्याकडे जास्त होती. म्हाताऱ्या मंडळींना महाराजांच्या गाडीत कधी बसायला मिळालं नव्हतं; टॅक्सीत सगळेच बसलेले. एका आजोबांनी तर भोकांवर बोट ठेवून मीटर कुठल्या बाजूनं पाडायचे, ते नातवाला करून दाखवलं.

तेव्हापासून ती तीन भोकं बुजवायला माझं मन घेत नाही. चाचा दर वेळी लांबीचा डबा उघडून बसतात, मी दर वेळी नको म्हणतो. पावसात तिथून पाणी आत येतं आणि नेमकं डावीकडे बसणाऱ्याच्या पायावर पडतं. डावीकडे कोण बसतं, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. परवा सात रस्त्याला सर आली, तेव्हा साडीच्या निऱ्या सावरत ती म्हणाली, "अहो, भोकं बुजवायची नसतील तर मीटर तरी बसवून घ्या. निदान पेट्रोल तरी सुटेल."