डब्यावर छापलेले 'दोन हात'

आमच्या स्वयंपाकघरातील सागवानी कपाटांची १४ दारे गेले पाच आठवडे दिवाणखान्यात वर्तमानपत्रांवर आडवी पडून आहेत. "पुसून घ्या, स्टेनचे २ हात मारा आणि संध्याकाळी दारे बसवा," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते आणि डब्यावरही जवळजवळ तेच छापलेले होते. त्या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो, कारण खरे काम त्यातून साफ गाळलेले आहे.

स्टेन म्हणजे लाकडाला रंगछटा देणारे द्रावण; तो रंगासारखा पृष्ठभागावर बसत नाही. तो उघड्या लाकडाच्या रंध्रांत मुरावा लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या मेलामाइन पॉलिशचा पातळसा थर जरी उरला, तरी तेवढ्या जागी तो वरच्या वर राहतो, वाळत नाही आणि फिकट-गडद चट्टे पडतात. शेगडीच्या वरच्या दारांवर तर फोडणीच्या तेलाचा चिकट थर बसलेला, मुठींभोवती हातांचा मळ. तो आधी साबणाच्या कोमट पाण्याने आणि मग टर्पेंटाइनने काढायचा. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुने पॉलिश खरवडायचे आणि १२०, १८० असे करत २२० पर्यंत यायचे, तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे तसेच राहतात आणि स्टेन नेमका त्यांत भरून काळ्या रेघा उमटतात. एका दाराला अडीच तास लागतात, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते काय?

कपाटांच्या बाजू अखंड लाकडाच्या नसून प्लायवूडवर चिकटवलेल्या विनियरच्या आहेत. कागदासारखा तो पापुद्रा एका कोपऱ्यात घासला गेला आणि खालचे प्लाय उघडे पडले. ते आता कोणत्याही स्टेनने झाकले जाणार नाही. शेड कार्डाचीही तीच फसवणूक! स्टेन पारदर्शक असतो, त्यामुळे खालच्या लाकडाचा रंग त्यात मिसळतो. फिकट लाकडावर काढलेला अक्रोडी नमुना दाखवून सागवानासाठी डबा विकला, तो आमच्या दारांवर जवळजवळ काळा उमटला.

सर्वांत जास्त राग मात्र जुलैचा आहे. माझ्या लहानपणी चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून घरोघरी पॉलिश करणारे काका भर पावसाळ्यात काम घेतच नसत, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते हे त्यांना पक्के माहीत होते आणि त्यासाठी ते हातचे गिऱ्हाईक सोडत असत. आज पुण्यात धो धो पाऊस पडत असताना तेलाचा स्टेन विकणारा माणूस एका शब्दानेही सावध करत नाही.

काल रात्री शेगडीशेजारच्या दाराला बोट लावले, तर नवव्या दिवशीही बोटाचा ठसा उमटला. आता तो सगळा थर थिनरने पुसून त्या दाराला पुन्हा ८० नंबरपासून सुरुवात करायची आहे.