एक ते अडीच

दुपारी एक ते अडीच हा माझ्या दिवसातला सर्वांत मौल्यवान वेळ आहे आणि तो माझ्या मालकीचा नाही. तो माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीचा आहे. ती त्या वेळात झोपते, आणि तिने झोपायचे मनावर घेतले तरच तो मला वापरायला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना, दिवसाची झोप धरून, चोवीस तासांत १० ते १३ तासांची झोप हवी. कर्जदाराला व्याजाचा दर पाठ असावा तसे हे आकडे मला पाठ आहेत. आमच्या कन्येने त्यातला पहिला आकडा नाइलाजाने स्वीकारला असून दुसरा तिला मुळीच मान्य नाही.

मी घरून काम करतो आणि बायको सकाळी ऑफिसला जाते. ‘घरी असणे’ आणि ‘मोकळा असणे’ हे समानार्थी शब्द आहेत अशी आप्तेष्टांची ठाम समजूत असल्याने ‘तू घरीच आहेस ना, मग एवढं बघ’ या वाक्याने माझे बरेचसे दूरध्वनी सुरू होतात. पण तो विषय वेगळा.

मुलगी झोपते ती माझा अंगठा मुठीत धरून. तिचा श्वास संथ झाला की खरे काम सुरू होते. आधी तिची करंगळी सोडवायची, मग अनामिका, आणि मधल्या बोटापर्यंत आलो की ती हमखास एक सुस्कारा टाकून पाचही बोटे पुन्हा घट्ट मिटते. तिसऱ्या प्रयत्नात अंगठा सुटतो. मग पलंगाचा काठ, मग माझा गुडघा, जो दिवसभर मुका असतो आणि नेमका याच क्षणी कट्कन वाजतो. त्यापुढे जमिनीवर आगीचा बंब असतो. हा बंब पाय लागताच लाल दिवा लावून भोंगा वाजवतो, आणि त्याला बंद करण्याचे बटण ज्याने कोणी पोटाखाली बसवले त्याच्या घरी लहान मूल नसावे. हे सगळे पार करून मी दाराबाहेर पोचतो तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झालेली असतात.

उरलेल्या सत्तर मिनिटांत काम करावे की आडवे व्हावे, हा पेच तिथे दारातच मला गाठतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली असा सिद्धान्त मांडला होता, की जितका वेळ हाताशी असेल तितके काम फुगत जाते. रिकामा वेळ असलेली एक वृद्धा भाचीला साधे पोस्टकार्ड पाठवायला कसा अख्खा दिवस लावू शकते, हे त्यांनी उदाहरण म्हणून दिले होते. सिद्धान्त बिनतोड असेल, पण त्या बाईंच्या शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले नव्हते. माझ्याकडे नियम उलटा चालतो. काम जितके मोठे तितकी मुलीची झोप आखडत जाते, आणि ज्या दिवशी हाताशी काहीच काम नसते त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत डोळा उघडत नाही.

कामाच्या बाजूने मी प्रथम शिस्त आणून पाहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले टायमर समोर ठेवून अभ्यासाची एक पद्धत बसवली: पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती, आणि पुन्हा तेच. मला ती फार आवडली, कारण तीत काम आणि आराम यांचे भांडण घड्याळच सोडवते. मी हुबेहूब तसलेच चावीचे लाल टोमॅटो आणले. पहिल्याच दिवशी पंचवीस मिनिटे मी असे काही झपाट्याने काम केले की स्वतःचाच अभिमान वाटू लागला, आणि मग ते टोमॅटो वाजले. माझी पाच मिनिटांची विश्रांती सुरू होण्याआधीच मुलीची संपली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ, अशा अवस्थेत ती दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, काय वाजलं? मला दे.” त्या दिवसापासून ते टोमॅटो तिच्या ताब्यात आहे.

मग मी विश्रांतीच्या बाजूने गेलो. महासागर ओलांडणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांवर नासाच्या संशोधकांनी एक अभ्यास केला होता. त्यात वैमानिकांना उड्डाणादरम्यान चाळीस मिनिटे राखून दिली होती. ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. वैमानिक भर आकाशात डुलकी काढू शकतो तर मी जमिनीवर का नाही, असे म्हणून मी आडवा झालो. एक तपशील मात्र मी नजरेआड केला होता: एक वैमानिक झोपे तेव्हा विमान चालवायला बाकीचे जागे असत.

डोळे मिटताच राहिलेली कामे हजेरीला आली. पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे माणसाला अधिक आठवतात, असे ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली नोंदवले होते. माझ्या बाबतीत त्यांना प्रयोग करण्याचीही गरज पडली नसती. पाठवायचा अहवाल, वाळलेल्या कपड्यांचा ढीग, शाळेचा अर्ज, गळका नळ, पुन्हा अहवाल, अशी उजळणी मी पाढ्यांसारखी करत राहिलो आणि अडतिसाव्या मिनिटाला, गजर व्हायला दोनच मिनिटे उरली असताना, मला गाढ झोप लागली. गजर मला ऐकू आला नाही. अर्ध्या तासापलीकडे गेलेली डुलकी गाढ झोपेत शिरते आणि तिथून उठलेला माणूस बराच वेळ माणसात येत नाही, याचा अनुभव मी तीनच्या मीटिंगमध्ये घेतला. वाजणारा फोन समजून मी टीव्हीचा रिमोट कानाला लावला, आणि वाईट याचे वाटते, की मी त्यावर “हॅलो, बोला” असे दोनदा म्हणालो. मीटिंगचा कॅमेरा सुरू होता.

त्यानंतर मी मध्यममार्ग म्हणून पलंगावर आडवे होऊन पोटावर लॅपटॉप ठेवून पाहिला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो तो कसा, हे मला आडव्या अवस्थेत कळले. संध्याकाळी बायकोने विचारले, “दुपारी जरा पडलास का?” मी म्हणालो, “पडलो होतो.” ती म्हणाली, “मग अहवाल राहिलाच असेल.” दोन्ही विधाने खरी होती, फक्त झोप झाली नव्हती.

आता तर पेचाचे मूळच संपत आले आहे. बरीच मुले तीन ते पाच या वयात दुपारची झोप सोडतात आणि आमचीनेही ती हळूहळू सोडायला घेतली आहे. गेल्या आठवड्यात एक वाजता मी तिला थोपटू लागलो, तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, “मला नाही झोप येत. तू झोप. मी थोपटते.” तिने माझ्या अंगावर आपले छोटे पांघरूण घातले, ते माझ्या गुडघ्यापर्यंतच पुरले. उशाशी ते टोमॅटो आणून तिने दोन्ही हातांनी चावी पिळली आणि बजावले, “हे वाजेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.”

कामाला लागणे मला शक्य नव्हते, कारण पहारा होता. निर्णय घ्यायचा नव्हता, कारण तो झालेला होता. पाठीवर तिचा हात बेताल पडत होता, टोमॅटो टिकटिकत होते, अहवाल आठवला आणि कुठेतरी वाहून गेला. किती वेळ गेला कोण जाणे. एका चिमुकल्या बोटाने माझी उजवी पापणी वर उचलली आणि अगदी जवळून एक डोळा माझ्या डोळ्यात पाहू लागला.

“बाबा, झोपलास ना? झाली ना झोप? मग आता ऊठ.”

टोमॅटोवर अजून एकवीस मिनिटे शिल्लक होती.